मेंढपाळांनी संशोधकाचा सत्कार करायचा, तर माणूस निवडायचा कसा?

काळी लोकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, पण गाडं अडलंय म्हणून लिहितोय.

आमचा मेंढ्या-शेळ्या पाळणाऱ्यांचा छोटासा गट आहे. यंदा ठरलं, की ज्याच्या संशोधनाचा आपल्याला उपयोग झाला अशा एका माणसाचा दरवर्षी सत्कार करायचा. इथवर सगळे एका सुरात. नाव काढायची वेळ आली आणि बैठक फिसकटली. एक म्हणाला, ज्याचे शोधनिबंध जास्त त्याला द्या. दुसरा म्हणाला, मोठ्या खुर्चीवरचा माणूस बोलवा, पुढेमागे कामं होतात. (तो निदान उघड बोलला.) मी म्हटलं, ज्याच्यामुळे आपल्या कळपातली एक तरी मेंढी वाचली त्याला द्या. त्यावर प्रश्न आला, 'आणि हे मोजायचं कसं?' मी गप्प.

मी असं का म्हणालो ते सांगतो. माझ्याकडे नव्वदच्या आसपास मेंढ्या. कित्येक वर्षं माझा नेम ठरलेला होता. पावसाळा लागला की महिन्याच्या महिन्याला सगळ्या कळपाला एकाच दिवशी जंताचा डोस. धडधाकट, मरतुकडी, गाभण, सगळी एका रांगेत. वजन नजरेनं, डोस हातानं. बाटली संपेपर्यंत पाजायचं आणि काम झालं म्हणून हात झटकायचे. एका वर्षी डोस पाजून दहा दिवस झाले तरी मेंढ्यांच्या जबड्याखाली पाण्याच्या पिशव्या लोंबतच होत्या. औषध बदललं, पुन्हा तेच. सात मेंढ्या गेल्या. त्यातली एक माझ्या हातात गेली. हिरड्या पाहिल्या तर कागदासारख्या पांढऱ्या.

तोवर आमच्याकडून चार वेळा निरनिराळी माणसं लेंड्या आणि रक्त घेऊन गेली होती. नाव लिहून घेतलं, अंगठा-सही घेतली, फोटो काढले. पुढे काय निघालं ते सांगायला एकही परत फिरकला नाही. पाचव्या खेपेला एक मुलगी आली, जंतांवरच अभ्यास करणारी. तिनं डोस पाजायच्या दिवशी लेंड्या नेल्या, चौदा दिवसांनी पुन्हा नेल्या, आणि त्यानंतरच्या आठवड्यात स्वतः येऊन सांगितलं, 'काका, तुमचं औषध जंतांना लागूच होत नाहीये. अंडी जेवढी होती जवळजवळ तेवढीच आहेत.' मग पिशवीतून पाच रंगांच्या पट्ट्यांचं एक कार्ड काढलं आणि मेंढ्यांच्या पापण्या उलटून दाखवायला लागली. त्या दिवशी नव्वदातल्या अठराच फिकट निघाल्या. तिनं सुचवलेलं दुसऱ्या गटातलं औषध तेवढ्यांनाच पाजलं, तेही तोलून.

तर माझे दोन प्रश्न आहेत. एक, निवडीचा निकष काय ठेवावा? आणि दोन, तिला अजून पदवीही मिळालेली नाही. तिचा सत्कार केला तर हसं होईल का? की मूळ शोध लावणाऱ्यांचीच नावं घ्यावीत? ते कोण, हेही मला धड माहीत नाही.

गुरांचा डॉक्टर

शेवटून सुरू करतो. तुमच्या त्या कार्डाला 'फामाचा' म्हणतात, आणि हे नावच एक सत्कार आहे. फाफा मलान हे दक्षिण आफ्रिकेतले पशुवैद्यक. त्यांच्या नावाची आणि आडनावाची पहिली अक्षरं घेऊन, पुढे 'चार्ट'मधलं 'चा' जोडून हा शब्द झाला. यान व्हॅन वाइक आणि गॅरेथ बाथ हे त्यांचे सहकारी. 1990 च्या दशकात तिकडच्या मेंढपाळांचंही तुमच्यासारखंच झालं होतं, औषधं एकामागून एक निकामी होत चालली होती.

यातला मुख्य जंत रक्त पिणारा, हिमाँकस. तो मेंढीच्या चौथ्या पोटात राहतो. एक जंत दिवसाला साधारण 0.05 मिलिलिटर रक्त खातो. ऐकायला काहीच नाही, पण पोटात हजारभर जंत असले की दिवसाला 50 मिलिलिटर झालं. मादी रोज पाच ते दहा हजार अंडी घालते. म्हणून पापणीच्या आतला रंग जातो आणि पुढे जबड्याखाली पाणी साठतं. या मंडळींनी दोन गोष्टी एकत्र आणल्या. पहिली, कळपातले बहुतेक जंत थोड्याच मेंढ्यांच्या पोटात असतात. दुसरी, सगळ्यांना पाजलं तर औषधाला दाद न देणारे तेवढेच जंत मागे उरतात आणि पुढची पिढी सगळी त्यांचीच होते. काही मेंढ्या मुद्दाम न पाजता ठेवल्या, तर कुरणात साधे जंतही राहतात आणि निगरगट्टांचं पीक माजत नाही. औषध वाचवायचं तर थोडे जंत जगू द्यावे लागतात. हे पहिल्यांदा ऐकून आमच्यातल्या कित्येक जुन्या डॉक्टरांनी मान डोलावली नव्हती, मीही त्यातलाच.

आता तुम्ही पाजत होता त्या औषधाचं. ते आयव्हरमेक्टिन असेल तर त्याचीही गोष्ट ऐका. जपानमध्ये सातोशी ओमुरा यांनी एका गोल्फ मैदानाजवळची माती उचलली, तिच्यातून एक सूक्ष्मजीव वेगळा काढला. अमेरिकेत मर्क कंपनीत विल्यम कॅम्पबेल यांनी त्याच्यापासून जनावरांच्या जंतांवरचं औषध निघतंय का ते तपासलं. 1981 मध्ये ते जनावरांसाठी बाजारात आलं. नंतर माणसांच्या 'रिव्हर ब्लाइंडनेस'वरही, म्हणजे जंतांमुळे दृष्टी जाण्याच्या रोगावरही, ते चाललं आणि 2015 मध्ये दोघांना नोबेल मिळालं, अर्धं त्यांना मिळून आणि अर्धं मलेरियाच्या औषधासाठी तू यूयू यांना. जनावरांच्या पोटातल्या जंतांपासून सुरू झालेलं काम नोबेलपर्यंत गेलं. आणि आपण ते औषध बाटली संपेपर्यंत पाजून बोथट करून टाकलं. टोमणा नाही हो, मीही पूर्वी असेच सल्ले दिलेत.

कार्डाबद्दल एक हात जोडून विनंती. त्याचा मोबाइलवर फोटो काढून गटात पाठवू नका. कार्डावर 1 म्हणजे लालभडक आणि 5 म्हणजे पांढरी. पडद्यावर रंग बदलतो, 3 चा 2 दिसतो आणि मेंढी सुटते. छापलेलं मूळ कार्ड वापरा, उन्हात ठेवून विटलं की बदला. बघायचं ते भर दिवसा, सावली न पाडता. आणि हे कार्ड फक्त रक्त पिणाऱ्या जंतासाठी आहे. यकृतातल्या पर्णकृमीनं किंवा उपासमारीनंही पापणी पांढरी पडते, आणि डोळे आले असले तर फिकट मेंढीही लाल दिसते.

काळी लोकर

डॉक्टर, फोटोचा गुन्हा माझ्याकडून झालाय. गटात टाकला होता. आत्ताच पुसला.

पापणी बघायची रीतही लिहून ठेवतो, कारण आमच्यातले निम्मे लोक नुसती खालची पापणी ओढतात. वरची पापणी अंगठ्यानं डोळ्यावर मिटवायची, बुबुळ हलकेच आत दाबायचं, मग दुसऱ्या अंगठ्यानं खालची पापणी खाली घ्यायची. आतला पडदा टच्कन बाहेर येतो. तेवढ्यात रंग बघून सोडून द्यायचं. धरून ठेवलं की तो लालसर व्हायला लागतो आणि आपली फसगत होते. 4 आणि 5 ला डोस, 3 असेल तर कोकरू आहे का, गाभण आहे का, अंगानं कशी आहे ते बघून. तिनं पहिल्या दिवशी माझ्याकडून तीस मेंढ्या बघून घेतल्या, तेव्हा कुठे कार्ड माझ्या हातात दिलं.

जुनी वही

मी आयुष्यभर एका प्रयोगशाळेत बरण्या धुतल्या आणि नोंदी ठेवल्या. आता निवृत्त. तुमच्या 'मोठ्या खुर्चीवरचा माणूस' या मुद्द्यावर दोन शब्द.

1881 ची गोष्ट आहे, फ्रान्समधल्या पुयी-ल-फोरची. लुई पाश्चर यांनी तिथे लोकांसमोर पन्नासेक जनावरांवर, बहुतेक मेंढ्याच, काळपुळीच्या लशीचा प्रयोग केला. निम्म्यांना लस, निम्म्यांना नाही, नंतर सगळ्यांना रोगाचे जंतू टोचले. 2 जूनला लोक बघायला आले तेव्हा लस टोचलेल्या मेंढ्या उभ्या होत्या आणि लस नसलेल्या मेलेल्या किंवा मरणाच्या दारात. पाश्चर जगभर गाजले, आणि ते रास्तच आहे. पण तूलूझच्या ऑन्री तूसँ नावाच्या पशुवैद्यकानं आदल्याच वर्षी, 1880 मध्ये, मेंढ्यांना काळपुळीची लस टोचून दाखवली होती. शिवाय पुयी-ल-फोरला वापरलेली लस पाश्चर यांच्या आवडत्या, हवेनं जंतू दुबळे करायच्या पद्धतीची नव्हती. त्यांचे सहकारी शांबरलाँ यांनी रसायन वापरून केलेली होती. लोकांना हे त्या वेळी कळलं नाही. तूसँ 1890 मध्ये, पन्नाशीही न गाठता गेले.

पाश्चर यांना कमी लेखायचं नाही मला. पण तुम्ही नाव काढाल तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा, 'हे काम करताना तुमच्याबरोबर कोण कोण होतं?' उत्तर देताना माणूस अडखळला की समजून घ्या.

रानवाट

हे सगळं वाचून मला काही पटलं नाही. सत्कार म्हणजे हारतुरे, भाषणं आणि शेवटी फोटो. फोटोत मेंढी एकही नाही. माझ्याकडूनही रक्त नेलंय, त्याला आता पाच वर्षं झाली. माझ्या मेंढ्यांचं रक्त कुठल्या तरी शीतकपाटात असेल, आणि कुठल्या तरी निबंधात माझ्या मेंढ्या 'नमुना क्रमांक' झाल्या असतील. आधी त्यांनी आमचा हिशेब द्यावा, मग आम्ही हार आणू.

सूक्ष्मदर्शक

रानवाट दादा, तुमचा राग रास्त आहे. मी तुमच्या 'त्यांच्यात'ली आहे, जंतांवर पीएचडी करतेय (काळी लोकर काकांच्या पोस्टमधली मी नव्हे). आमची बाजू सांगते, ती सबब म्हणून घेऊ नका.

लेंड्या आणल्या की त्या दळायच्या, मिठाच्या संपृक्त पाण्यात ढवळायच्या, गाळायच्या. अंडी हलकी असल्यामुळे वर तरंगतात. मग ते पाणी दोन खणांच्या काचेत भरून सूक्ष्मदर्शकाखाली चौकटीतली अंडी मोजायची. या काचेला 'मॅकमास्टर' म्हणतात, सिडनीच्या मॅकमास्टर प्रयोगशाळेवरून. ही रीत तिथे 1939 मध्ये गॉर्डन आणि व्हिटलॉक यांनी बसवली. नेहमीच्या मापानं एक अंडं दिसलं की ते लेंडीच्या एका ग्रॅममागे 50 धरायचं. साठ मेंढ्यांचे नमुने मोजता मोजता रात्रीचे दोन वाजतात, आणि मान वर केली तरी डोळ्यांपुढे अंडीच. डोस देण्याआधी आणि दहा-चौदा दिवसांनी मोजून अंडी 95 टक्क्यांहून कमी घटली असली, तर औषधाला दाद न देणारे जंत आहेत असा संशय धरायचा. काकांच्या कळपात तिनं नेमकं हेच केलं.

मग परत का येत नाही? कारण प्रकल्पाच्या खर्चात 'नमुने गोळा करण्यासाठी प्रवास' असा रकाना असतो, 'निकाल सांगण्यासाठी प्रवास' असा नसतो. मी एकदा तो रकाना मागितला तर वरिष्ठ म्हणाले, 'निबंध छापला की झालं ना सांगून.' निबंध इंग्रजीत, शिवाय पैसे भरून वाचायचा. मी गुपचूप फोन करून निकाल सांगते. बारा जणांना सांगायचे होते, सात जणांचे नंबर लागले. बाकीचे पाच माझ्याही वहीत नमुना क्रमांकच राहिलेत, ते लागतं मनाला.

म्हणून काका, सन्मानचिन्ह दिलंत तर कपाटात राहील. त्याऐवजी गटाच्या नावानं एक पत्र द्या. 'हिनं निकाल परत आणून दिला, त्यावरून आम्ही सगळ्या कळपाला पाजायचं बंद केलं, अठराच मेंढ्यांना पाजलं', असं आकड्यांसकट. हे पत्र जोडून तिला पुढच्या प्रकल्पात तो रकाना मागता येईल.

सुबाभळीचा पाला

पत्राची कल्पना बेस्ट. मला एक सत्कार आठवला, याहून मोठा कुठे झाला असेल असं वाटत नाही.

माझ्या मेंढ्यांना मी एकदा सलग सुबाभूळ घातली. हिरवीगार, फुकटची, प्रथिनांनी भरलेली. काही आठवड्यांत अंगावरची लोकर मुठीनं निघायला लागली. एका मेंढीच्या पाठीवरून हात फिरवला तर लोकरीचा पुंजका हातात आणि खाली गुलाबी कातडं. पाल्यातल्या मिमोसीन नावाच्या द्रव्यामुळे होतं ते, हे मला फार पुढे कळलं.

ऑस्ट्रेलियातही सुबाभळीचा हाच त्रास होता. पण हवाईतल्या शेळ्या तोच पाला खाऊन ठणठणीत. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाला शंका आली, की फरक झाडात नाही, शेळ्यांच्या पोटात असावा. तिथल्या शेळ्यांच्या पहिल्या पोटातले सूक्ष्मजीव ऑस्ट्रेलियात नेऊन जनावरांच्या पोटात सोडले आणि जनावरं पाला पचवायला लागली. मिमोसीनपासून पोटात जे विष तयार होतं, ते हे जंतू मोडून टाकत होते. त्यातल्या जंतूला 1992 मध्ये रीतसर नाव मिळालं, सिनर्जिस्टिस जोन्सी. म्हणजे जोन्स यांचं नाव आज शेळीच्या पोटात नांदतंय. याच्यापुढे कुठलं सन्मानचिन्ह टिकणार!

जुळ्यांची मेंढी

सगळे संशोधकांचंच बोलताय, म्हणून एक राहिलेली बाजू. ज्यांनी आधी पाहिलं त्यांचं काय?

ऑस्ट्रेलियात 'बुरूला' नावाच्या मेंढीफार्मवर सीअर्स बंधू जुळी-तिळी देणाऱ्या मेरिनो मेंढ्या निवडून वेगळ्या राखत होते. शास्त्रज्ञ नव्हते, मेंढ्या राखणारे होते. त्यांचं ऐकून घेणारी बाई म्हणजे हेलन न्यूटन टर्नर. वास्तुशास्त्र शिकलेली, 1931 मध्ये वर लिहिलेल्या त्याच मॅकमास्टर प्रयोगशाळेच्या कारभारात सचिव म्हणून लागलेली. तिथे संख्याशास्त्र शिकली आणि मेंढ्यांच्या पैदाशीतली जगातली एक मोठी जाणकार झाली. आज तिच्या नावानं पदक दिलं जातं. या बुरूला मेंढ्यांच्या जुळ्यांमागे एकच जनुक असल्याचं पुढे निघालं, आणि 2001 मध्ये तीन निरनिराळ्या गटांनी ते नेमकं हुडकलं. त्याची मुळं सुंदरबनातल्या बुटक्या गरोल मेंढीपर्यंत जातात. 1790 च्या दशकात बंगालमधून मेंढ्या ऑस्ट्रेलियात गेल्या होत्या. आणि फलटणच्या 'नारी' संस्थेत बी. व्ही. निंबकर आणि चंदा निंबकर यांनी हाच गुण गरोलकडून दख्खनी मेंढीत आणला, त्याच 'नारी सुवर्णा'.

मी या कामाला मानतो ते एका कारणानं. जुळी झाली म्हणून गाजावाजा करून ते थांबले नाहीत. आईला दूध पुरतंय का, दुसरं कोकरू जगतंय का, वाढतंय का, हे मेंढपाळांच्या कळपात जाऊन बघत बसले. जुळं जन्माला घालणं सोपं, दोन्ही उभी करणं अवघड. ज्यानं रात्री दुसऱ्या कोकराला बाटली लावलीय त्याला हे सांगायला नको.

सीअर्स बंधूंना कुणी हार घातला का, मला ठाऊक नाही. पण ते नसते तर हेलनबाईंच्या वहीत ओळच लिहिली गेली नसती.

गुरांचा डॉक्टर

जुळ्यांची मेंढी, मानलं तुम्हाला. मेंढपाळांच्या नजरेचं अजून एक उदाहरण देतो, मग थांबतो.

बुळकांडी, गुरांचा तो जीवघेणा साथीचा रोग, आठवते का कुणाला? तरुणांनी नावही ऐकलं नसेल, आणि तिथेच गोम आहे. वॉल्टर प्लोराइट यांनी केनियात पेशींमध्ये वाढवून बुळकांडीची भरवशाची लस केली, 1999 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पण ती लस थंड ठेवावी लागे, आणि बर्फ जिथे पोचत नाही तिथेच रोग दबा धरून बसलेला. जेफ्री मॅरिनर यांनी उष्णता सोसणारी लस केली. आफ्रिकेत ती पाठीवर वाहून नेली आणि टोचली ती शिकवून तयार केलेल्या पशुपालकांनीच. कुठल्या कळपात रोग आहे हेही त्यांनाच विचारलं, कारण लक्षणं त्यांना आमच्याहून आधी ओळखता येत. 2011 मध्ये बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं. माणसाच्या देवीनंतर समूळ गेलेला हा दुसराच रोग. काम इतकं चोख झालं, की करणाऱ्यांची आठवणही रोगाबरोबर गेली. आता शेळ्या-मेंढ्यांचा बुळकांडीसारखाच रोग, पीपीआर, संपवायला 2030 चं लक्ष्य धरलंय. त्यासाठी राबणाऱ्यांचा सत्कार तरी ते काम चालू असताना करा.

रानवाट

माझं मत थोडं हललंय. हार नको म्हटलं होतं ते कायम. पण पत्रावर मी सही करीन. आणि माझ्या मेंढ्यांचं रक्त नेणाऱ्यालाही एक पत्र पाठवू या, 'निकाल कळवा' म्हणून. सत्कारासारखंच सुवाच्य अक्षरात.

काळी लोकर

मंडळी, काल बैठक झाली. तुमची उत्तरं मोठ्यानं वाचून दाखवली. सुबाभळीची गोष्ट दोनदा वाचायला लावली.

निकष एकच ठेवला, निकाल कळपापर्यंत परत आला का. पदवी, पद, निबंधांची संख्या विचारायची नाही. मोठ्या खुर्चीवाला मुद्दा पुन्हा निघाला. त्याला म्हटलं, खुर्चीवरचा माणूस निकाल घेऊन आला तर त्यालाही देऊ. त्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही, आणि शेवटी म्हणाला, 'मग पोरीलाच द्या.' पत्रात चार आकडे जाणार आहेत. आधी नव्वद पाजत होतो, नंतर अठरा. आधी सात मेल्या, पुढच्या पावसाळ्यात एक. त्या एकीचं कारण जंत नव्हते, ती ओढ्यात पाय घसरून गेली, पण पत्रात तेही लिहायचं असं ठरलं.

रानवाट, तुमचं दुसरं पत्रही लिहून होतंय. अक्षर माझ्या सुनेचं, म्हणजे वाचता येईल.

तिला फोन केला. आधी तिला चेष्टाच वाटली. मग म्हणाली, 'काका, माझ्याबरोबर मोजणाऱ्या मावशी होत्या, निम्मी अंडी त्यांनीच मोजलीत, त्यांचं नाव पत्रात घाला.' जुनी वही, तुमचा प्रश्न विचारायची वेळच आली नाही. आणि कार्यक्रम संध्याकाळी नको म्हणते, सकाळीच ठेवा, म्हणजे आल्यासारखं उजेडात पापण्या बघून होतील.